पेटाफ्लॉप मोजताना सबरूटीनही पाहा

मा. संपादक,
स. न.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०२४ मध्ये ‘अर्का’ महासंगणक सुरू झाला, तेव्हा ११.७७ पेटाफ्लॉप हा आकडा सगळीकडे छापून आला (एक पेटाफ्लॉप म्हणजे सेकंदाला एक हजार लाख कोटी गणिती क्रिया). हवामानाची प्रारूपे मात्र आजही बहुतांशी फोरट्रान या जुन्या प्रोग्रामिंग भाषेत आहेत आणि यंत्राचा वेग त्यांच्या पदरात किती पडतो, हे सबरूटीन, म्हणजे प्रोग्राममधून नावाने पुन्हा पुन्हा बोलावले जाणारे कोडचे तुकडे, कशी बांधली आहेत यावर बरेच ठरते. 

बहुपदी वापरून संपृक्त बाष्पदाब काढणारे चार-पाच ओळींचे सबरूटीन घ्या. ते जाळ्याच्या प्रत्येक बिंदूवर, प्रत्येक थराला बोलावले जाते. कॉलचा, म्हणजे अशा बोलावण्याचा, स्वतःचा खर्च किरकोळ. खरा तोटा हा, की आतल्या लूपमध्ये परक्या फाइलमधला कॉल दिसला की कंपायलर (कोडचे यंत्रभाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम) सहसा व्हेक्टरायझेशनचा, म्हणजे अनेक संख्यांवर एकदम क्रिया करण्याचा, नाद सोडतो. प्रोसेसरमधल्या ५१२ बिटांच्या रजिस्टरमध्ये (आकडे ठेवायच्या कप्प्यात) दुहेरी अचूकतेच्या आठ संख्या एकदम मावतात, तिथे एकेक संख्या जात राहते.

यावर अनेक विद्यार्थी सबरूटीनचा मजकूर कॉलच्या जागी हाताने चिकटवतात. हे थांबायला हवे. सबरूटीनच्या आतला ‘आय’ आणि बाहेरचा ‘आय’ ही एकाच नावाची चले एकमेकांवर चढतात. ‘क्ष गुणिले य’मध्ये क्षच्या जागी ‘अ अधिक ब’ कंसाविना गेले, की गुणाकार फक्त बला लागतो. मधेच ‘रिटर्न’ असेल तर सबरूटीनऐवजी बोलावणारेच संपते. सर्वांत फसवे प्रकरण घोषणेतच मूल्य दिलेल्या चलाचे: फोरट्रानमध्ये ते आपोआप ‘सेव्ह’ होते, म्हणजे एका कॉलपासून पुढच्या कॉलपर्यंत मूल्य जपते, त्यामुळे दोन जागी चिकटवले की मोजणी ठेवणाऱ्या एका चलाची दोन चले होतात. प्रोग्राम कुरकुर न करता चालतो आणि उत्तर चुकते.

आधी ‘पर्फ’ किंवा ‘जीप्रॉफ’ या मोजणीच्या साधनांनी वेळ कुठे जातो ते मोजावे. लहान सबरूटीन बोलावणाऱ्याच्याच मॉड्यूलमध्ये असेल, तर ‘-ओ२’ हा वेग वाढवण्याचा पर्याय दिल्यावर जीफोरट्रान हा कंपायलर ते बहुधा स्वतःच इनलाइन करतो, म्हणजे कॉलच्या जागी त्याचा मजकूर बसवतो. वेगळ्या फाइलमध्ये असेल तर अडते, कारण मॉड्यूलच्या ‘.मॉड’ फाइलमध्ये इंटरफेस (कसे बोलावायचे याची माहिती) असतो, सबरूटीनचे अंग नसते. त्यासाठी ‘-एफएलटीओ’ हा पर्याय द्यावा, पण कंपाइल करताना आणि लिंक करताना (तुकडे जोडून एक प्रोग्राम बनवताना) दोन्ही वेळी; लिंकच्या ओळीत ते राहून जाणे ही नेहमीची चूक. काय इनलाइन झाले ते ‘-एफऑप्ट-इन्फो-इनलाइन’ सांगते.

एवढ्याने भागले नाही तरच मूळ कोड बदलणारी साधने घ्यावीत. युरोपीय मध्यम-पल्ला हवामान केंद्राचे ‘लोकी’ आणि ब्रिटनमध्ये विकसित झालेले ‘सायक्लोन’ ही दोन्ही पायथनमधली, मुक्त स्रोताची आहेत. लोकीमध्ये कॉलच्या वर सूचनेची एक टिप्पणी लिहायची. चलांची नावे बदलणे, अ‍ॅरेचे निर्देशांक जुळवणे हे साधन करते. मूळ फाइल वाचनीय राहते, बदललेली फाइल बिल्डच्या, म्हणजे प्रोग्राम बांधण्याच्या, वेळी तयार होते. तिला हात लावू नये.

पडताळणी दोन टप्प्यांत करावी. कंपायलरचे फेरफार बंद ठेवणारे ‘-ओ०’ आणि ‘-एफएफपी-कॉन्ट्रॅक्ट=ऑफ’ हे पर्याय देऊन जुने व नवे उत्तर बिटागणिक जुळायला हवे; न जुळल्यास रूपांतर चुकले समजावे. पुढे ‘-ओ३’वर शेवटचे अंक हलू शकतात, कारण इनलाइन झाल्यावर गुणाकार आणि बेरीज प्रोसेसरच्या एकाच सूचनेत मिसळू शकतात व मधले पूर्णांकन (शेवटचे अंक कापून संख्या जवळच्या मूल्यावर आणणे) गळते. तिथे किती फरक चालेल ती सहनसीमा ठरवून तपासावे.

सरसकट सगळेच इनलाइन करणेही घातक. प्रोसेसरच्या सूचना हाताशी ठेवणारी छोटी जलद मेमरी, म्हणजे पहिल्या पातळीचा कॅश, अनेक प्रोसेसरांत प्रत्येक गाभ्याला ३२ किलोबाइटच असतो. दोनशे ओळींचे सबरूटीन दहा जागी ओतले, तर कॅश अपुरा पडतो, चले रजिस्टरांतून मेमरीत सांडतात आणि प्रोग्राम उलट मंदावतो.

विद्यापीठांनी प्रबंधासोबत कोड मागवताना मूळ सबरूटीन, रूपांतराची स्क्रिप्ट आणि कंपायलरचे पर्याय हे तिन्ही मागवावेत. आज अनेकदा हाती येते ती चिकटवलेली हजारो ओळींची फाइल, आणि बाष्पदाबाचे सूत्र सुधारायचे झाले तर ते तिच्यात किती जागी आहे, हेच कुणाला सांगता येत नाही.

– एक वाचक, पुणे