श्रवणयंत्र जुळवून देणाऱ्या ताईंना

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

आभार मी क्लिनिकमध्येच मानले होते, पण बाहेर पेशंट खोळंबले होते आणि तुम्ही "अहो, कामच आहे माझं" म्हणून विषय संपवलात. म्हणून हे सगळ्यांसमोर लिहिते. महागाची यंत्रं घेऊन ती कपाटात ठेवून दिलेल्या लोकांनाही कळू दे, तुम्ही काय केलंत ते.

मी मिरजेत मुलींना गाणं शिकवते. आवाज येतो पण शब्द कळत नाहीत, अशी माझी गत झाली होती. कुणी 'साठ' म्हटलं तर मला 'आठ' ऐकू यायचं. ऑडिओग्रामवर, म्हणजे कानाच्या तपासणीच्या आलेखावर, बोट ठेवून तुम्ही कारण दाखवलंत. खालच्या पट्टीत दोन्ही कान जवळजवळ शाबूत होते, पण २००० हर्ट्झच्या पुढे उजव्याची लाल रेघ आणि डाव्याची निळी रेघ दोन्ही घसरत गेल्या होत्या. स आणि श यांची सळसळ नेमकी तिथेच असते.

यंत्रं आधी दुसरीकडून घेतली होती. तिथे ऑडिओग्राम कॉम्प्युटरमध्ये भरला, कंपनीची ठरलेली सेटिंग कानात चढवली आणि "सवय होईल" म्हणून घरी पाठवलं. माझा स्वतःचा आवाज मला रांजणात तोंड घालून बोलल्यासारखा यायचा. भांड्यांचा खणखणाट टोचायचा, शब्द तरीही निसटायचे.

तुम्ही ती यंत्रं बदलायला लावली नाहीत, हे मी कधी विसरणार नाही. तुम्ही आधी कानात वाकून पाहिलंत, मळ काढून घ्यायला पाठवलंत आणि मग सिलिकॉनची बारीक नळी पडद्याजवळपर्यंत सरकवून वरून यंत्र बसवलंत. स्पीकरमधून एक बाई बोलू लागली, पण भाषा कळेना. सहा भाषांतल्या बायकांच्या बोलण्याचे तुकडे जोडून तो आवाज मुद्दाम चाचणीसाठी बनवलाय, हे तेव्हा समजलं. तोच आवाज हळू, मध्यम आणि मोठा असा ऐकवून माझ्या कानात प्रत्यक्ष किती पोहोचतोय ते तुम्ही मोजलंत. वरच्या पट्टीत यंत्र हवं त्यापेक्षा बरंच कमी देत होतं. प्रत्येकाच्या कानाची पोकळी वेगळी, त्यामुळे कॉम्प्युटरचा अंदाज आणि कानातली गोष्ट यांत फरक पडणारच. या मोजणीला 'रिअल इअर मेजरमेंट' म्हणतात. यंत्र घेणाऱ्या प्रत्येकाने हे नाव लिहून ठेवावं आणि पैसे देण्याआधी विचारावं. माझं स्पष्ट मत आहे की ही मोजणी यंत्राच्या किमतीत धरलेलीच असायला हवी.

रांजणाचं उत्तर सोपं निघालं. कान पूर्ण बंद करणारे डोम, म्हणजे यंत्राच्या टोकाची कानात बसणारी मऊ टोपणं, काढून तुम्ही उघडे डोम लावलेत, आत कोंडणारा माझा खालचा आवाज बाहेर पडायला लागला. त्याने शिट्टी वाजण्याचा धोका वाढतो, म्हणून तीही तपासलीत. वरची पट्टी मात्र एकदम चढवली नाहीत. मेंदूला ते आवाज नव्याने ओळखू द्या म्हणालात आणि थोडी थोडी वाढवत नेलीत. 'सवय होईल' तुम्हीही म्हणालात, पण मोजून झाल्यावर.

आणि तानपुरा! तो लावला की त्याचा आवाज काही क्षणांत मागे सरकायचा, पेटीचा लांब धरलेला स्वर थरथरायचा. मला वाटलं, गाणं आता संपलं. तुम्ही हसण्यावारी नेलं नाहीत. "तानपुरा घेऊन या, इथेच ऐकू," म्हणालात. अखंड चालणारा आवाज यंत्राला पंख्याच्या घरघरीसारखा गोंगाट वाटतो म्हणून ते तो दाबतं, आणि लांब स्वराला स्वतःचीच शिट्टी समजून तो कापायला जातं. हे मला नीट समजावून सांगून तुम्ही गाण्यासाठी वेगळा प्रोग्राम करून दिलात. त्यात गोंगाट दाबणं बंद, शिट्टीरोधक अगदी सौम्य, आणि लहानमोठा आवाज एकसारखा करण्याची यंत्राची खोड कमी. मी षड्ज लावायचा, तुम्ही स्क्रीनवर बदल करायचा, मी मान हलवायची. जवारीचं, तानपुऱ्याच्या तारांचं, ते गुंजन मला पुन्हा ऐकू आलं तेव्हा तुमच्याही डोळ्यांत पाणी होतं, मी पाहिलंय.

वर्गात आता मुलींच्या बंदिशीतले शब्द कळतात. शेवटच्या ओळीतली लाजरी मुलगी इतकं सुरेल गाते, हे मला अलीकडेच समजलं.

पावसाळ्यात यंत्रं रोज रात्री सुकवणीच्या डबीत ठेवते, मळाची जाळीही वेळेवर बदलते. तपासणीला येईनच. पण त्याआधी गुरुपौर्णिमेला मुली गाणार आहेत, तेव्हा तुम्ही घरी यायचं. पेशंटचं कारण चालणार नाही.

तुमची,
मिरजेची गाणं शिकवणारी बाई