पान दुधावर, परीक्षा ग्राइंडरवर

मा. संपादक,

महोदय,

नाशिकच्या कॉलेज रोड, गंगापूर रोड भागात कॅफे वाढले, तशी ‘दोन दिवसांत बरिस्ता (मशीनवर कॉफी करणारा) व्हा’ छापाची शिबिरंही निघू लागली आहेत. त्यांत बहुतेक वेळ कपातल्या दुधाच्या फेसावर पानाची नक्षी काढण्यात जातो. पान फोटोत छान दिसतं, पण खालची कॉफी आंबट असली तर गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. खरं काम ग्राइंडरपाशी, म्हणजे कॉफीच्या बिया दळायच्या यंत्रापाशी असतं आणि शिकणाऱ्याला नेमका तिथंच हात लावू देत नाहीत.

एस्प्रेसोचं, म्हणजे मशीननं दाबाखाली काढलेल्या घट्ट कॉफीचं, सुरुवातीचं माप साधं आहे: 18 ग्रॅम पूड, कपात 36 ग्रॅम कॉफी, वेळ 25 ते 30 सेकंद. कप वजनकाट्यावर ठेवूनच मोजावं, कारण नुसत्या नजरेला वरचा फेस फसवतो. 15 सेकंदांत माप भरलं तर दळण जाड आहे, कॉफी पाणचट आणि आंबट लागणार. 45 सेकंद लागले तर फार बारीक, म्हणजे कडवट. दळण बदलल्यावर ग्राइंडरच्या आत जुनी पूड अडकून राहते, म्हणून पहिले काही ग्रॅम टाकून द्यायचे. नवशिका ते जिवावर येऊन टाकत नाही, जुन्या-नव्याची मिसळ चाखतो आणि सेटिंग भलतीकडेच फिरवतो. मशीनच्या चाळणीत पूड तिरकी दाबली गेली की पाणी विरळ बाजूनं वाट काढतं. मग एकाच कपात आंबट आणि कडू दोन्ही उतरतं. त्यात आपला पावसाळा. ओल्या हवेत सकाळी बसवलेलं दळण दुपारीही जुळेलच असं नाही. मिसळवाला रस्सा रोज चाखतो, तशीच ही कॉफी दुकान उघडण्याआधी रोज चाखावी लागते.

दुधाचं गणित त्यामानानं सोपं. दूध फ्रिजमधलं गार हवं. वाफेच्या नळीचं टोक पृष्ठभागाच्या जेमतेम खाली ठेवून पहिले तीन-चार सेकंदच हवा घ्यायची, मग टोक थोडं खाली नेऊन दूध भोवऱ्यासारखं फिरवायचं आणि 60 ते 65 अंशांवर थांबायचं. 70 च्या पुढे गोडवा जातो, उकळल्या दुधाचा वास येतो. सरावासाठी पाण्यात भांड्याच्या साबणाचा एक थेंब टाकला तरी भागतं, लिटर-लिटर दूध मोरीत ओतायची गरज नाही. नळी मात्र प्रत्येक वेळी लगेच ओल्या फडक्यानं पुसून वाफ सोडावी. दूध आत सुकलं की भोकं बुजतात.

रात्रीची सफाई हा तर अभ्यासक्रमातून गाळलेलाच धडा. मशीनला नेहमीच्या चाळणीऐवजी बिनभोकाची चाळणी लावून, तिच्यात सफाईची पावडर घालून पंप दहा सेकंद चालू, थोडा बंद, असं पाच वेळा करायचं. मग तेच नुसत्या पाण्यानं. हे टाळलं की जुनं कॉफीचं तेल खवट होतं आणि दोष बियांवर जातो. बोअरच्या जड पाण्यानं बॉयलरला क्षार धरतो, तेव्हा फिल्टर कधी बदलायचा हेही शिकवायला हवं.

कॅफेचालकांना विनंती आहे की शिकाऊ मुलांना संध्याकाळच्या गर्दीत ट्रे उचलायला न लावता सकाळी उघडण्याआधीचा तासभर मशीनवर द्यावा. फी भरणाऱ्यांनीही आधी विचारून घ्यावं, एका मशीनवर किती जण आणि ग्राइंडर कोण लावणार? ‘ते आमचा माणूस बघतो’ असं उत्तर आलं, तर दुसरीकडे चौकशी करावी.

– एक कॉफी प्रशिक्षक, नाशिक