सही केलीस की करावी लागली?

भांडीबाजार, नाशिक

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू तीनदा म्हणालीस, "बाबा, मी मुद्दाम नाही केलं, करावं लागलं." माल न तपासताच कागदावर सही, साहेब डोक्यावर उभे, गेटवर ट्रक लागलेला. आई मध्येच बोलायला लागली म्हणून माझं राहून गेलं.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये गोदेला पूर आला तेव्हा तू हॉस्टेलला होतीस. गंगापूर धरणाचा विसर्ग वाढला, ज्याच्यावरून आपण पूर मोजतो त्या नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला पाणी लागल्याची हाक आली, तशी मी पातेली, घंगाळं माळ्यावर चढवायला घेतली. कोपऱ्यात एका बाईंची कल्हईला आलेली सहा ताटं आणि तपेलं होतं. ते राहिलं ते राहिलंच. वेळ नव्हता, खरंच नव्हता. पण आधी हात कशाला घालायचा, हे काही पुरानं ठरवलं नव्हतं. बाई म्हणाल्या, "स्वतःचं बरोबर वाचलं!" फार झोंबलं.

वादळात जहाज वाचवायला माल समुद्रात टाकणाऱ्यांचं उदाहरण ॲरिस्टॉटलनं दिलंय. हौसेनं कुणी टाकत नाही, पण टाकतो तो आपल्याच हातानं. २००६ साली वुलफोक, डोरिस आणि डार्ली या संशोधकांनी लोकांपुढे एक गोष्ट ठेवली. विमानाचे अपहरणकर्ते एकाला त्याच्याच मित्राला मारायला लावतात, आणि त्या मित्राचं याच्या बायकोशी लफडं असतं. मित्राला मारावं हे याच्या मनातही होतं असं कळलं, की दडपण तेवढंच असूनही लोक याला जास्त जबाबदार धरत. बाईंनी तरी दुसरं काय केलं? पुराकडे नाही, माझ्या माळ्याकडे बघितलं.

कायदा तर आणखी कडक. भारतीय न्याय संहितेचं कलम ३२ धाकाखाली केलेल्या कृत्याला सूट देतं, पण धाक तिथल्या तिथे जीव जाण्याचा लागतो. साहेबांच्या भुवया त्यात बसत नाहीत, बाळा.

सही करताना 'सुटले एकदाची' असं वाटलं होतं का? मला नाही सांगितलंस तरी चालेल. पण ट्रक गेला असला तरी काय तपासलं नाही ते साहेबांना लेखी कळव, उद्याच.

मी नंतर नवी भांडी घेऊन त्या बाईंकडे गेलो होतो. तपेलं त्यांनी ठेवून घेतलं, ताटं परत केली. अजून माळ्यावर आहेत.

तुझा,
बाबा