पिंपळ ठाण्याला गेला

कोल्हापूर,
४ डिसेंबर २०२५, दत्तजयंती

प्रिय बंड्या,

सव्वा वर्षानं लिहितोय. फोन केला असता, पण फोनवर तू आधी हवापाणी विचारतोस, मग मी डॉलरचा भाव विचारतो, आणि खरं बोलायची वेळ आली की तुझ्याकडं कुणीतरी दार वाजवतं. शिवाय हे तोंडानं सांगायचा धीर होईना. तब्येत बरी आहे. शुगर आहे तिथंच, गुडघा आहे तिथंच. हिचा मोतीबिंदू जूनमध्ये काढला, त्यामुळं आता तिला माझ्या शर्टावरचे सगळे डाग दिसतात.

मुद्द्याचं सांगतो. मी आपला बोन्साय पिंपळ देऊन टाकला.

हो, तोच. तू आधी शिव्या घालून घे.

बारकीचा पहिला दिवाळसण होता. सोनं तोळ्याला सव्वा लाखाच्या आसपास. अर्ध्या तोळ्याची अंगठी आधीच घेऊन ठेवली होती, विषय संपला होता. पण पाडव्याच्या दुपारी श्रीखंड-पुरी जरा जास्तच झाली आणि सगळ्या पाहुण्यांसमोर मी जाहीर करून बसलो, की माझ्यातर्फे म्हणून जावईबापूंना गच्चीवरचा पिंपळ. क्षणभर कुणी काही बोललंच नाही. मग आत्याबाई म्हणाल्या, "जावयाला झाड? तेही कुंडीतलं?" हिनं माझ्याकडं जे बघितलं ते मोतीबिंदू असतानाच परवडलं असतं.

त्यालाच का, ते ऐक. मुलगी बघायला आले होते तेव्हा हा पोरगा पोहे तसेच ठेवून गच्चीत गेला. अर्धा तास तिथंच. आजवर जो आला त्यानं एकतर वय विचारलं, नाहीतर किंमत. यानं खोडाला हात लावला आणि विचारलं, "हा वळ कसला?" त्याच मिनिटाला मी मनात लग्न लावून टाकलं.

वळ म्हणजे तुझ्या तारेचा वळ. तुझ्याच. १९९९ च्या पावसाळ्यात खोडाला वळण द्यायला म्हणून मोटर रिवाइंडिंगवाल्याकडची तांब्याची तार गुंडाळलीस आणि मावसभावाच्या लग्नाला निघून गेलास. आल्यावर सोडवतो म्हणाला होतास. पावसाळ्यात पिंपळ असा फुगतो की महिन्याभरात साल तार गिळून टाकते, हे तुला माहीत नव्हतं असं समजू. (मी रोज पाणी घालत होतो तर मला कसं दिसलं नाही, हे तू गेली २६ वर्षं विचारतोयस. दिसलं नाही. संपला विषय.) नेलकटरनं तुकडे तुकडे करून काढली, तरी बोटभर तांबं अजून आतच आहे. जावयाला मी तार कुणाची ते सांगितलं, चूक कुणाची ते सांगितलं नाही. एवढं तरी मान.

अंगठीच्या डबीसोबत झाड कसं द्यायचं, म्हणून सगळा सरंजाम काढला. दोन उथळ ट्रे, भोकांवर घालायची जाळी, ॲल्युमिनियमच्या तारेची तीन जाडीची वेटोळी, चाळून ठेवलेला विटांचा चुरा, पोयटा, शेणखत, निंबोळी पेंड. बाहेरनं बघणाऱ्याला वाटलं असेल पोरगी नांदायला निघालीय की गवंडी कामाला निघालाय. वर एक वही. दोन रात्री जागून लिहिली. तार फांदीच्या एक तृतीयांश जाडीची घ्यावी. तिरकी गुंडाळावी, फार आवळू नये. पाणी घड्याळ बघून घालू नये, मातीत बोट घालून बघावं. ट्रे बदलायचा तर मृग लागल्यावर, थंडीत मुळांना हात लावू नये. एक्केचाळीस पानं झाली. हिनं वाचली आणि म्हणाली, पोरीच्या पाठवणीला दोन ओळी सुचल्या नव्हत्या.

एक कबूल करतो. तू २००९ साली पाठवलेला कॉन्केव्ह कटर मात्र दिला नाही. त्यानं फांदी काढली की जखम खोलगट होते, भरली की खोडाबरोबर सपाट होते, गाठ राहत नाही. साध्या कात्रीनं खुंट उरतो. वहीत हे सगळं लिहिलंय, आणि कटर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. मी भेट दिली का भेटीचं नाटक केलं, हे तूच ठरव.

आता ठाणं. घोडबंदर रोडला एकोणिसाव्या मजल्यावर फ्लॅट. विहीणबाईंनी झाड बघितलं आणि पहिलाच प्रश्न, "घरात पिंपळ?" दुसरा, "तोही खुजा?" बोन्साय घरात ठेवला की घरच्यांची वाढ खुंटते असं वास्तूवाल्यानं सांगितलेलं. त्यांचे चिरंजीव सहा फूट एक इंच. पण वाद कोण घालणार? झाड हॉलमधनं बाल्कनीत गेलं. मला तर काकूंची आठवण आली. आपण हा पिंपळ भिंतीतनं उपटला त्या दिवशी नारळ फोडायला लावला होता त्यांनी, मुंजाला दुसरीकडं जा म्हणून सांगायला. आणि तू विचारलंस, वीतभर पिंपळावरचा मुंजा केवढा असेल? काकूंनी दोन दिवस आपल्याला चहा दिला नव्हता.

पहिला फोटो आला तेव्हा, बंड्या, मी उंटावर होतो.

हसू नको. जैसलमेरला. १२ नोव्हेंबरपासून दहा दिवसांची राजस्थानची सहल. तुला ठाऊक आहे आम्ही ३१ वर्षांत चार दिवसांच्या वर कुठं गेलो नाही. उन्हाळ्यात दोन वेळा पाणी, आणि शेजारच्या जोश्यावर सोपवलं तर तो पाइप सोडून पेपर वाचत बसणार. २०१९ च्या महापुरात मी टीव्हीच्या आधी पिंपळ वरच्या मजल्यावर नेला, हे ही अजून प्रत्येक पाहुण्याला सांगते. 'माझी सवत' म्हणते त्याला. तर सवत सासरी गेल्यावर तिनं आठवड्यात बुकिंग केलं. आणि बारकीचा फोन आला, "बाबा, पानं गळतायत." मी म्हणालो, "जागा बदलली की टाकतो तो पानं, काळजी करू नको," आणि फोन ठेवला, कारण उंट उठत होता.

खोटं बोललो नव्हतो. वड, पिंपळ, उंबर यांना जागा बदललेली सोसत नाही, थोडी पानं टाकतात आणि नव्यानं सुरुवात करतात. पण आपला पिंपळ पानं टाकतो फाल्गुनात आणि चैत्रात तांबूस पालवी धरतो. हा मार्गशीर्ष आहे. आणि त्या पहिल्या फोटोत मी रात्री हॉटेलात पानं मोजली. ६४ होती. पुढच्या फोटोत ४१. काल ९.

कारण शोधता शोधता माझं डोकं आउट झालंय. आधी वाटलं पाणी कमी पडतंय. तर जावयानं मातीत खुपसायचं मीटर आणलंय आणि मोबाइलमध्ये गजर लावलाय. माझी वही आहे, पण ती त्यानं स्कॅन करून ठेवली आहे, बोट काही मातीत गेलेलं नाही. मग वाटलं पाणी जास्त होतंय. मग परवा व्हिडिओ कॉलवर बारकीनं बाल्कनी फिरून दाखवली, आणि झाडाच्या मागं, अगदी हातभर अंतरावर, एसीचं बाहेरचं युनिट! दिवाळीपासून त्या गरम झोतात उभा आहे तो. ठाण्याला नोव्हेंबरातही एसी चालतो, हे मला कोल्हापुरात बसून कसं सुचावं? हलवायला सांगितलं, त्यांनी लगेच हलवला. मी सुटकेचा श्वास टाकला. तोवर कॅमेरा खाली गेला आणि मातीवर पांढरट थर दिसला. विचारलं, तर बारकी हळूच म्हणाली, "आई शनिवारी दूध घालतात."

म्हणजे बघ. कुणीतरी विहीणबाईंना सांगितलं की पिंपळ अशुभ कसला, साक्षात अश्वत्थ, शनिवारी दूध-पाणी घालून दिवा लावला की पीडा जाते. तेव्हापासून हळद, कुंकू, तांब्याभर दूध-पाणी. मोठ्या पाराच्या पिंपळाला तांब्याभरानं काय होतंय? पण हा अडीच इंच खोल ट्रेमध्ये आहे. आधी बाई त्याच्या वाईटावर होत्या तेव्हा बरा होता, भक्ती सुरू झाली आणि वाट लागली. आता व्याह्यांकडं मी कोणत्या तोंडानं सांगू की देवाला दूध घालू नका? ही म्हणते, तू सांगूच नको, मी बोलते. ती बोलली तर दूध थांबेल, पण बारकीला तिथं राहायचंय.

तुझा तो जुनिपर बोन्साय आठवतो का? लेकीनं ख्रिसमसला आणलेला, वर गोंदानं खडे चिकटवलेले, पाणी वरच्या वर वाहून जायचं. हीटरशेजारी ठेवलास आणि फेब्रुवारीपर्यंत पाणी घालत राहिलास. जुनिपर मेला तरी कित्येक आठवडे हिरवाच दिसतो, हे मी तुला तीन पानं भरून कळवलं होतं. 'मढ्याला आंघोळ घालतोयस' असंही लिहिलं होतं. चुकलो लेका. आज परत घेतो ते वाक्य.

आणि वॉशिंग्टनच्या त्या पाइनचा फोटो तू पाठवला होतास, तो परवा काढून बघितला. यामाकी नावाच्या बोन्सायवाल्यांचा. १६२५ पासून ट्रेमध्ये वाढवलेला. १९७६ साली जपाननं अमेरिकेला भेट दिलेल्या ५३ झाडांतला एक. बाँब पडला तेव्हा तो हिरोशिमात होता, स्फोटापासून तीनेक किलोमीटरवर, नर्सरीच्या भिंतीआड वाचला. आणि हे तिथं कळलं कधी, तर २००१ साली, त्यांचे नातू झाड बघायला आले तेव्हा! ज्यांनी बाँब टाकला त्यांच्याच हातात झाड ठेवलं आणि यावर चकार शब्द नाही. माझ्या झाडानं काय बघितलंय? एक महापूर आणि तुझी तार. तेवढ्यावर मी एक्केचाळीस पानं लिहिली आणि कटर ठेवून घेतला.

पण पत्र लिहायला बसलो ते यासाठी नाही. एसी काय, दूध काय, त्यावर उपाय निघतो. हिला बोललो नाही ते तुला सांगतो. ते निघाले त्या संध्याकाळी गाडी गल्लीच्या तोंडाशी वळली. मागच्या काचेतनं पिंपळ दिसत होता, बारकीनं मांडीवर धरलेला, पानं हलत होती. तुला आठवतं ना, वारा नसला तरी त्याची पानं हलतात. ही रडली. पोरीसाठी. मीही डोळे पुसले. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठ वाजता जाग आली. आठ! ३१ वर्षं सहाला उठून गच्चीत जाणारा माणूस. गच्चीत गेलो, स्टूल रिकामं होतं, आणि मला बरं वाटलं. दुःख व्हायला पाहिजे होतं, मी वाट बघत उभा राहिलो, पण आलंच नाही. हलकं हलकं वाटत होतं. चहा घेऊन परत झोपलो.

म्हणजे जावयाला आवड आहे, त्यानं वळ विचारला, हे सगळं खरंच आहे. पण मला सुटायचं होतं हेही खरं. तोंडानं 'भेट' म्हणालो आणि पोराच्या गळ्यात रोजचं पाणी बांधलं, आयुष्यभराचं. त्याला अजून वाटतंय सासऱ्यांनी काळजाचा तुकडा दिला. काल फोनवर रडवेल्या आवाजात म्हणाला, "बाबा, माझ्याकडनं काहीतरी चुकतंय." मी काय बोलणार?

आणि तुला विचारलं नाही. खोड तुझं, पानं माझी, अशी वाटणी होती २००१ ला तू निघालास तेव्हा, स्टँडवर. चेष्टेतली होती तरी होती. पानं माझी होती, ती तर गेलीच.

आता ठरवलंय ते ऐक. उद्या रात्रीच्या गाडीनं ठाण्याला निघतोय, शनिवारी सकाळी पोचतो, दुधाच्या आधी. कटर पिशवीत घातलाय, तो देऊनच येणार. झाड परत आण असं ही म्हणत नाही आणि मीही म्हणत नाही, दिलेलं परत मागायचं नसतं. पण मुळं बघायची तरी आहेत. नखानं साल खरवडून बघ असं जावयाला फोनवर सांगता आलं असतं, एका मिनिटाचं काम. चीक आला, खाली हिरवं दिसलं, तर जिवंत. सांगितलं नाही मी. व्हिडिओ कॉलवर बघवणार नाही मला.

तुझ्या धाकट्याला नोकरी लागली का? वहिनींच्या पाठीचं काय झालं? बर्फ सुरू झाला असेल, घसरू नको, या वयात खुबा मोडला की संपलं. मास्तर गेले ते तुला कळलंच असेल. सविस्तर पुढच्या वेळी.

शनिवारी तारेच्या वळाच्या जरा वर, तुझ्या बाजूनं, नख लावीन. चीक आला तर लगेच फोन करतो, तुझ्याकडं रात्र असली तरी. नाही आला तर फोनची वाट बघू नको, पत्र लिहीन.

तुझा,
दिग्या