झाकलेली ताटली

चि. सोनूस,
सलाम आणि अनेक आशीर्वाद.

फोनवर सांगायला गेले तर तू मध्येच "आई, पण..." म्हणशील, म्हणून लिहायला बसले.

गणपतीत दोन दिवस घरी आलास. सकाळी बेल वाजली तेव्हा मी कणीक मळत होते, दार तू उघडलंस. "आम्हाला प्रसाद चालत नाही," एवढंच बोललास आणि दार लोटलंस. मी हात पुसत बाहेर आले तर वरच्या काकू जिन्याच्या दोन पायऱ्या चढल्या होत्या. हातात स्टीलची ताटली, तिच्यावर क्रोशाचा रुमाल. मला म्हणाल्या, "असू दे गं, झोपेतून उठलाय पोरगा." आणि नीटच असलेला रुमाल पुन्हा नीट करत राहिल्या.

सोनू, त्या ताटलीत प्रसाद नव्हता.

आपण या घरात राहायला आलो त्या वर्षी तू जेमतेम रांगत होतास. काकू मोदक घेऊन आल्या, तेव्हा मीही नाहीच म्हटलं होतं. पण त्यांना आत बसवलं, पाणी दिलं आणि सांगितलं, "काकू, देवापुढे ठेवलेलं आम्ही घेत नाही, राग मानू नका. तुमच्या हातचं खायला मात्र मला फार आवडेल." क्षणभर गप्प राहिल्या. दुसऱ्या वर्षीपासून आपले पाच मोदक त्या नैवेद्याआधीच वेगळे काढतात. गुडघे दुखतात तरी स्वतः खाली आणून देतात. तुला हे मी कधी सांगितलं नाही, ही माझी चूक.

गणपतीतल्या त्या प्रकारानंतर तू मला बायबलमधल्या करिंथकरांस पहिल्या पत्राचा आठवा अध्याय दाखवलास. मूर्तीला अर्पिलेल्या अन्नाचाच तो अध्याय, बरोबर. पण त्याची सुरुवात वाच. ज्ञान फुगवते, प्रीती उन्नती करते, हे प्रेषित पौलाने तिथेच, अगदी पहिल्या वचनात लिहिलंय. खाण्याचा मुद्दा त्याने त्यानंतर घेतला.

आणि कलस्सैकरांना तो लिहितो की तुमचं बोलणं कृपायुक्त, मिठाने रुचकर केल्यासारखं असावं. हे लिहिताना तो स्वतः बंधनात होता, त्याच पत्राच्या शेवटी "माझ्या बंधनांची आठवण ठेवा" म्हणतो. कडवट बोलायला त्याच्याइतकं कारण कुणाला होतं? शिवाय मीठ म्हणाला तो, साखर नाही. तुझा विश्वास लपव, सगळ्याला हो म्हण, असं मी मुळीच सांगत नाही. नकार दे. पण समोरच्या माणसाला बसायला सांगून दे.

आपल्या नगरच्या रेव्हरंड नारायण वामन टिळकांचंच बघ. 1895 साली बाप्तिस्मा घेतला, पण अभंग आणि कीर्तन सोडलं नाही. लोकांच्या कानाला जे गोड होतं त्यातूनच येशूचं नाव सांगितलं. त्यांची भजनं तू संडे स्कूलपासून म्हणतोस.

त्या दिवशी मी वर जाऊन ताटली घेऊन आले. काकूंनी एका शब्दाने काही विचारलं नाही, फक्त "पोरगं जेवलं का?" म्हणाल्या.

ताटली अजून आपल्या फडताळात आहे, रुमाल धुऊन घडी करून वर ठेवलाय. रिकामी कशी परत करायची? शनिवारी येशील तेव्हा मी नानकटाई करून ठेवते. वर तू घेऊन जा. काय बोलायचं ते मी सांगणार नाही.

तुझी,
आई