दुपट्टा उलटा करून बघा

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत शिबोरी दुपट्ट्यांवरचा लेख वाचला, फोटो झकास आहेत पण त्यातला निम्मा माल सरळसरळ प्रिंट केलेला आहे हो! मी पण फसलेय. दिवाळीत एका प्रदर्शनातून ओरिजिनल शिबोरी म्हणून साडेनऊशेचा दुपट्टा आणला, घरी येऊन उलटा केला तर मागची बाजू पांढरीफटक. शिबोरी ही जपानी कला, म्हणजे कापड बांधून, शिवून नाहीतर घडी घालून दाबून रंगात बुडवायचं, आपल्या बांधणीची लांबची बहीणच म्हणा, मग मागे रंग नसेल कसा?

असो, दुपट्ट्याचं रडगाणं गायला बसले नाहीये. आजच्या आर्टिस्टनी या जपानी डिझाइन्समधून प्रेरणा घ्यावी असं लेखात म्हटलंय ते खटकलं, कारण आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली आणि माझ्या मते घ्यायची तर ती डिझाइनमधून नाही, करण्याच्या पद्धतीतून घ्या. आपण चित्र काढताना रंग कुठे लावायचा ते ठरवतो, हे लोक रंग कुठे लागू द्यायचा नाही ते आधी ठरवतात, सगळा कारभारच उलटा.

सून नागोयाला असते, मागच्या वर्षी गेले तेव्हा तिने जवळच्या अरिमात्सूला नेलं. एदो (आताचं टोकियो) ते क्योतो या जुन्या तोकाइदो रस्त्यावरचं गाव, १७ व्या शतकाच्या सुरुवातीपासून हाच धंदा, जपानी चित्रकार हिरोशिगेच्या १८३० च्या दशकातल्या चित्रात सुद्धा तिथली कापडाची दुकानं आहेत. तिथे एक आजी मिउरा शिबोरी करत होत्या. समोर आकडा लावलेली सुई, त्यात कापडाचा इवलासा बुंदका ओढायचा, दोऱ्याचा वेढा द्यायचा की पुढचा बुंदका, आणि गाठ मारायचीच नाही! नुसत्या ताणावर हजारो वेढे धरून ठेवायचे. मी पंधरा मिनिटं उभी होते, बाईंनी मान वर केली नाही. तिथे पूर्वापार एकेक बाई एकाच प्रकारात मुरलेली असते, आणि आमच्याकडे दोन तासांच्या वर्कशॉपमध्ये सात प्रकार शिकवतात :)

काताझोमे म्हणजे छापाचं काम, तेही याच विचाराचं. पर्सिमॉन फळाचा रस पाजून टणक केलेल्या कागदात नक्षी कोरायची, त्यातून कापडावर तांदळाची खळ लावायची, मग रंग, शेवटी खळ धुवायची. खळ होती तिथे कोरं राहतं. कागदातला तुकडा गळून पडू नये म्हणून नक्षी कुठेतरी जोडलेली ठेवावी लागते (रांगोळीचे छाप बघा, तसंच). काताझोमेचे नामवंत कलावंत सेरिझावा केइसुके, त्यांनी या जोडांचीच मजा केली, अक्षरं, झाडं, सगळं त्यातूनच आकाराला आणलं.

पण मला खरं भारी वाटतात ते किमोनो रंगवणारे कलावंत इचिकु कुबोता. विशीत असताना टोकियोच्या म्युझियममध्ये त्यांनी त्सुजिगाहाना (शिवून-बांधून रंगवायची जुनी जपानी पद्धत) कापडाचा जुना तुकडा पाहिला, ही कला १७ व्या शतकातच लोप पावलेली. मग युद्ध, सोव्हिएत कैद, परत आल्यावर वर्षानुवर्षं प्रयोग, आणि पहिलं प्रदर्शन १९७७ मध्ये, साठाव्या वर्षी! त्या जुन्या तुकड्यासारखं रेशीम आता कोणी विणत नाही म्हटल्यावर ते अडून बसले नाहीत, आजचं रेशीम आणि आजचे केमिकल रंग घेतले आणि कामाला नावही स्वतःचं दिलं, इचिकु त्सुजिगाहाना. पुढे तर ८० किमोनो शेजारी शेजारी टांगले की एकच निसर्गचित्र दिसेल असा घाट घातला, २००३ मध्ये गेले तेव्हा ते अर्धवटच होतं. आमचे आर्टिस्ट मात्र नेटवरून पॅटर्न उचलतात आणि कुर्तीवर छापतात, काय बोलायचं.

परवा नातवाबरोबर घरीच करून पाहिलं, जुन्या धोतराची त्रिकोणी घडी, दोन्हीकडे लाकडी पट्टी, वर कपड्यांचे चिमटे, बादलीत निळा रंग. चिमटे कमी पडले आणि रंग आत शिरला, षटकोनाऐवजी ढगासारखं काहीतरी आलं. नातवाला तेच आवडलं, भिंतीवर लावलंय.

पुढच्या वेळी कापडाच्या मागच्या बाजूचा पण फोटो छापा, एवढीच विनंती. अरिमात्सूहून आणलेला रुमाल मी अजून इस्त्री केलेला नाही, त्यावर बांधल्याच्या सुरकुत्या तशाच उभ्या आहेत, इस्त्रीवाल्याला पण सांगून ठेवलंय हात लावू नको म्हणून.

— एक निवृत्त चित्रकला शिक्षिका, सांगली