पाच डॉलरची अट कोणाला वाचवते?

मा. संपादक,
महोदय,

ऑस्ट्रेलियाशी झालेला व्यापार करार २९ डिसेंबर २०२२ पासून लागू आहे. वाइनवरील आयात शुल्क घटले, तरी बाटलीमागे किमान ५ अमेरिकी डॉलर किमतीची अट असल्याने देशी वाइनला धक्का लागणार नाही, असा दिलासा आम्हा बागायतदारांना तेव्हापासून दिला जातो. साधी आकडेमोड केली, तरी हा दिलासा टिकत नाही.

या अटीत बसणाऱ्या ५ डॉलरच्या बाटलीवरील शुल्क १५० टक्क्यांवरून आधी १०० टक्के झाले आणि दहा वर्षांत ते ५० टक्क्यांवर येणार आहे. त्याहून स्वस्त बाटलीला १५० टक्के कायम आहेत. म्हणजे तेव्हा ५ डॉलरची बाटली शुल्कासह साडेसात डॉलरला पडेल आणि ४ डॉलरची बाटली मात्र दहा डॉलरला! अशा वेळी ४ डॉलरची वाइन बिलावर ५ डॉलरची दाखवण्याचा मोह कोणाला होणार नाही? सीमाशुल्क खाते सहसा किंमत कमी दाखवणाऱ्यांच्या मागे असते. इथे ती वाढवून दाखवण्यात फायदा आहे.

या स्पर्धेत नाशिकच्या वाइनरीला भाव उतरवावा लागला, तर काच, वीज वा बँकेचे व्याज स्वस्त होणार नाही. घासाघीस करता येते ती द्राक्षाच्या दरातच. शिराझ किंवा चेनिन ब्लां या वाइनच्या द्राक्षजातींचे बारीक, बियांचे मणी खाण्यासाठी कोणी घेत नाही, त्यामुळे वाइनरीने माल उचलायला नकार दिला की आमच्यापुढे दुसरे गिऱ्हाईक नसते. २००८ नंतरच्या मंदीत अनेकांनी वाइनच्या बागा तोडल्या, त्या याच कारणाने.

दुसरी विसंगती देशातलीच आहे. विदेशी बाटलीला बंदरावर सवलत मिळत असताना नाशिकची बाटली परराज्यात न्यायची, तर तिथले उत्पादन शुल्क आणि लेबल नोंदणीचे शुल्क भरावेच लागते, आणि हे दर राज्यागणिक निराळे आहेत. आयात शुल्क उतरवण्याचे दहा वर्षांचे वेळापत्रक केंद्राला आखता आले, तर राज्यांशी बोलून या शुल्कांचेही तसेच वेळापत्रक आखावे. आणि तोवर वाइनरी व बागायतदार यांच्यातील करारांत किमान दराची अट राज्य सरकारने बंधनकारक करावी.

आपला,
एक द्राक्ष बागायतदार, दिंडोरी (जि. नाशिक)